मुष्टिफंड : मूठभर धान्यावर चाललेलें शिक्षण

शेतकऱ्याच्या मुलाचें शिक्षण अडतें तें बहुधा बुद्धीच्या अभावीं नव्हे, तर तिथींचा मेळ बसत नाहीं म्हणून. कॉलेजची फी व वसतिगृहाचा पहिला हप्ता भरण्याची वेळ ज्येष्ठ-आषाढांत येते. त्या वेळीं घरांतील पैसा बियाण्यांत व खतांत गुंतलेला असतो. कापसाचा पैसा हातीं येतो तो दिवाळीनंतर. सरकारी सारा वसूल करितांना पीक घरांत येईपर्यंत थांबण्याची वहिवाट होती. फीला ती सवलत कोणी दिली नाहीं. मग ही फट सावकारानें भरून काढावी, नाहीं तर मुलानें शाळा सोडावी. या फटीवर आपल्याच वऱ्हाडांत एक उपाय योजिला गेला होता.

डॉ. पंजाबराव देशमुख (जन्म १८९८, पापळ, जिल्हा अमरावती) यांनीं विलायतेंत उच्च शिक्षण घेऊन परत आल्यावर अमरावतीस गरीब विद्यार्थ्यांसाठीं श्रद्धानंद छात्रालय काढलें, तें मुष्टिफंडाच्या बळावर. पुढें १९३२ सालीं त्यांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. नागपुरांत काँग्रेसनगर येथें असलेलें विज्ञान महाविद्यालय याच संस्थेचें होय.

मुष्टिफंड म्हणजे काय? गृहिणीनें दळणासाठीं वा रांधण्यासाठीं धान्य काढितांना त्यांतील एक मूठ निराळ्या मडक्यांत टाकावी, आणि सांठलेलें धान्य ठराविक दिवशीं गोळा करून छात्रालयांत पोंचवावें. हें ऐकावयास क्षुल्लक वाटतें, म्हणून हिशेब करून पाहूं. मूठ सुमारें ५० ग्रॅम धरली, तर एका घराची वर्षाची बेरीज १८ किलोंच्या किंचित् वर जाते, व १०० घरांची सवाअठरा क्विंटल. वाढत्या वयाचा मुलगा दोन्ही वेळचें मिळून ६०० ग्रॅम धान्य खातो असें मानल्यास ३०० दिवसांस त्याला १८० किलो लागतें. म्हणजे शंभर उंबऱ्यांचें गांव दहा मुलांचें पोट दहा महिने सांभाळूं शकतें, आणि तेंही कोणाच्या खिशाला हात न लावतां. वर्गणी मागावयास गेल्यास याच शंभर घरांपैकीं किती दारें उघडतील, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं याच मार्गानें बरीच मोठी मजल मारली. नांगर विकण्याच्या निमित्तानें ते खेडोपाडीं हिंडलेले होते. १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र रांधीत व एकाच पंक्तीस जेवीत. १९२७ सालीं गांधीजींनीं त्यास छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस असें नांव दिलें. मुलांनीं शेतांत व बांधकामावर श्रम करावे व त्यांतून आपला खर्च भागवावा, ही कमवा व शिका योजना तेथलीच. १९३५ सालीं संस्थेनें अध्यापक विद्यालय काढलें, आणि तेथून तयार झालेले पुष्कळ तरुण खेड्यांतील शाळांवर शिक्षक म्हणून गेले. ज्या गांवांनीं धान्य दिलें त्यांच्याकडे तें नोकरी व विद्या या रूपानें परत आलें, हा या व्यवस्थेचा खरा गाभा आहे. नुसतें जेवण घालून मुलास पदवी मिळवून द्यावयाची आणि पुढें तो चावडीवर बसून राहावयाचा, तर धान्य देणारेही लवकरच थकतील.

श्रमाच्या अंगानें एक सावधगिरी मात्र हवी. परीक्षेच्या आधीं दोन महिने मुलांस खुरपें देऊं नये. श्रम हें शिक्षणाचें अंग असावें, फुकटची मजुरी नव्हे.

आज सरकारी मदतही आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याच नांवें वसतिगृह निर्वाह भत्ता योजना असून ती व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीं आहे. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरांपर्यंतचा खातेदार. दाखला तहसील कचेरींतून मिळतो. महसूल दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. आजोबांच्या नांवावरील एकत्र खातें न फोडल्यामुळें चार भावांचीं घरें कागदावर एकच मोठा खातेदार दिसतात, आणि खऱ्या गरजू मुलास दाखला मिळेनासा होतो. वाटणी व फेरफार वेळेवर करून घ्यावे. प्रवेशाच्या आठवड्यांत पटवाऱ्याकडे धांव घेऊन तें साधत नाहीं.

सरकारचा भत्ता मंजूर होऊन खात्यांत पडेपर्यंतही दिवस जातात. ते दिवस मुष्टिफंडानें काढावे. आमच्या मतें गांवानें धान्य पोत्यांत न सडवितां सहकारी सोसायटीमार्फत विकावें, रक्कम बँकेंत ठेवावी व ज्येष्ठांत ती उचल म्हणून द्यावी. कापूस विकल्यावर ज्याला शक्य असेल त्यानें ती परत करावी. हिशेबाची वही दर अमावास्येस चावडीवर वाचून दाखवावी. आणि मडकें भरतें तें बायकांच्या हातानें. तेव्हां वाटप ठरविणाऱ्या पंचांत निदान दोन स्त्रिया असाव्या, व दहा जागांपैकीं निम्म्या मुलींसाठीं राखाव्या. अनेक गांवांत मुलगी सातवीनंतर घरीं बसते ती याच फीच्या महिन्यांत.