गोचीड चावला, तर डॉक्टरांना सांगा!

माणदेशात शेरडे-मेंढरे नाहीत असे घर विरळाच. जनावरे आली की गोचीडही आलाच. अंगाला चिकटला तर उपटून फेकायचा, एवढेच आपल्याला ठाऊक. पण हा क्षुद्र जीव माणसालाही आजार देतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मेंढपाळ आला. सणकून ताप, डोके ठणकत होते, अंग मोडून आले होते. मलेरियासाठी रक्त तपासले, काही निघाले नाही. पाचव्या दिवशी अंगावर तांबडे पुरळ उठले, तळहात-तळपायांवरही. तेव्हा कुठे मी विचारले, "गोचीड चावला होता का?" तो म्हणाला, "आता ते रोजचंच की डॉक्टर!" काखेत काळी खपली सापडली. हा गोचीडताप. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. मी आधी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. मधले दिवस वाया गेले. असा उशीर कधी कधी जिवावर बेततो.

दुसरा आजार माकडतापाचा. याचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागातही रुग्ण आढळले. यावर हमखास औषध नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. कळप घेऊन कोकणच्या जंगलात उतरणाऱ्यांनी मेलेल्या माकडाजवळ मुळीच जाऊ नये.

गोचीड चिकटला तर रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये, नखाने चिरडू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. मग ती जागा व हात साबणाने धुवावेत आणि तारीख लिहून ठेवावी.

वाड्यावरून घरी आल्यावर काख, जांघ, कानामागची जागा पाहावी. लेकरांची तर अवश्य पाहावी. जनावरांवरील गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यकांच्या सल्ल्याने करावा.

चावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर मनाने गोळ्या घेऊ नका. दवाखान्यात या आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता गोचिडाची गोष्ट आधी सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होते.