पागेतले गणित, पागेतला इतिहास

घोडेस्वारी शिकणारे सहा-सात वर्षांचे मूल सर्वप्रथम शिकते ती मांड, म्हणजे चालत्या घोड्याच्या पाठीवर तोल सांभाळून बसण्याची रीत, आणि ती पक्की होण्यात मांड्यांच्या स्नायूंइतकाच मेंदूचाही वाटा असतो. घोडा चालू लागला की त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते, माणूस स्वतः चालताना हलते जवळजवळ तशीच स्वाराची कंबर तिच्याबरोबर हलू लागते, आणि कानाच्या आतली तोल राखणारी यंत्रणा व सांधे-स्नायूंमधून मिळणारी शरीराच्या स्थितीची जाणीव या दोहोंना क्षणोक्षणी काम मिळते. त्याच वेळी मुलाला शिक्षकाची सूचना ऐकायची असते, लगाम किती खेचायचा हे ठरवायचे असते आणि घाबरून टाच मारण्याचा मोह आवरायचा असतो.

टोकियो कृषी विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांची नेमकी हीच क्षमता, म्हणजे योग्य वेळी कृती करणे आणि योग्य वेळी स्वतःला रोखणे, स्वारीपूर्वी व स्वारीनंतर तपासली गेली. काही घोड्यांवरील स्वारीनंतर ती स्पष्टपणे सुधारलेली आढळली, मात्र साध्या गणितांवरील परिणाम तितका ठळक नव्हता. घोड्यावर बसवले की परीक्षेतले गुण वाढतात, असे सांगणाऱ्या जाहिरातींकडे पालकांनी म्हणूनच सावधपणे पाहावे. शालेय विषयांना घोड्याची मदत होते ती वेगळ्या वाटेने: पागेत खरे, हाताळता येणारे प्रश्न विपुल असतात आणि त्यांची गाठ पाठ्यपुस्तकाशी कोणी जाणत्याने घालून दिली, तर मूल ते आपण होऊन सोडवू लागते.

सरावाचे लहान रिंगण २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब असते, आणि त्यात काढलेले २० मीटर व्यासाचे वर्तुळ दोन्ही लांब बाजूंना एकेका बिंदूत स्पर्श करते; घोडा आत घसरला की वर्तुळाचे अंडे होते, आणि मध्यबिंदूपासूनचे अंतर सर्वत्र सारखे ठेवणे म्हणजे काय, हे त्रिज्येची व्याख्या पाठ होण्याआधीच मुलाला उमगते. घोड्याची उंची खांद्यांमधील उंचवट्यापर्यंत ‘हँड’ या चार इंचांच्या मापात मोजतात, त्यामुळे १४.२ हँड म्हणजे चौदा हँड आणि दोन इंच, अर्थात ५८ इंच, आणि १४.३ नंतर थेट १५ येते. दशांश चिन्ह नुकतेच शिकलेल्या मुलाला यात विलक्षण गंमत वाटते. वॉक या सावकाश चालीत टापा चार ठोक्यांत पडतात, ट्रॉट म्हणजे दुडकीत दोन आणि कँटरमध्ये तीन, त्यामुळे डोळे मिटूनही चाल ओळखता येते. भरधाव घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीवरून उचललेले असतात का, या वादाचा निकाल एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी लावला: पाय उचललेले असतात, पण चित्रकार दाखवत तसे फाकलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. विज्ञान आणि चित्रकला यांच्या तासांना एकत्र आणणारा याहून चांगला धडा क्वचितच सापडेल.

मराठी मुलांसाठी सर्वाधिक सुपीक विषय मात्र इतिहास आहे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारे स्वार, एका हवालदाराच्या हाताखाली, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी, शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. हजारीच्या नावात हजार असले तरी गुणाकार १२५० घोड्यांचा निघतो. एक घोडा दिवसाला तीसेक लिटर पाणी पितो हे ज्याने बादल्या भरून पाहिले आहे, त्याला या हजारीची रोजची गरज ३७,५०० लिटर येते हे स्वतः काढता येते, आणि मग फौजेचा तळ नदीकाठी का पडे, भीमथडीची तट्टे भीमा-नीरेच्याच खोऱ्यात का पोसली गेली, उन्हाळ्यातल्या मोहिमा अवघड का होत, हे प्रश्न नकाशावर बोट ठेवून विचारता येतात. सनावळ्यांच्या यादीतून हे प्रश्न सहसा उगवत नाहीत.

ही सोय मोजक्यांनाच मिळते, हेही खरे. नाशिकच्या भोंसला मिलिटरी स्कूलसारख्या १९३७ पासूनच्या संस्थेत किंवा मुंबईत महालक्ष्मीच्या अमॅच्युअर रायडर्स क्लबात स्वारी शिकता येते; चौपाटीवर वा माथेरानला लगाम दुसऱ्याच्या हाती देऊन मारलेल्या फेरीने यातले फारसे साधत नाही. तथापि निम्मे शिक्षण खोगिराखाली, जमिनीवरच होते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला थेट शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनेच जवळ जावे लागते, हे खरारा करताना कळते. ३०० किलोच्या तट्टाला वजनाच्या दोन टक्के चारा द्यायचा तर सहा किलो तोलावा लागतो. आणि मोतद्दाराच्या देखरेखीखाली जबड्याखालची नाडी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणली, तर विसावलेल्या घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा, म्हणजे मोजणाऱ्या मुलाच्या हृदयापेक्षा पुष्कळच संथ धडधडते, हे वहीत आकड्यांनिशी उतरते.