सर्दीच्या गोळीचा सीमेपलीकडचा प्रवास

नाक चोंदले की मेडिकलमधून जी गोळी आणली जाते, तिच्यापैकी काहींमध्ये स्यूडोएफेड्रिन असते. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या त्याने आकसतात आणि श्वास मोकळा होतो. या द्रव्याच्या रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू निघाला की मेथॅम्फेटामाइन उरते. औषध आणि नशा यांत अंतर एवढेच.

ही रसायनशास्त्राची गंमत ईशान्य भारताला महाग पडली आहे. भारतात बनलेल्या अशा गोळ्या मणिपूर, मिझोराममार्गे चोरून म्यानमारला जात. २०१३ मध्ये या तस्करीच्या आरोपावरून मणिपुरात लष्करातल्या एका कर्नललाच अटक झाली. म्यानमारच्या शान राज्यात सशस्त्र गटांच्या आश्रयाने भट्ट्या चालतात. तिथून मेथॅम्फेटामाइन आणि कॅफीन मिसळलेली लालसर गोळी परत येते. तिचे नाव याबा, थाई भाषेत 'वेडाचे औषध'. नाव अगदी सार्थ आहे. मेंदूत डोपामाइनचा लोंढा येतो, माणूस रात्र-रात्र जागतो, भूक मरते, रक्तदाब चढतो. पुढे पुढे कोणीतरी आपल्या मागावर आहे असा संशय बळावतो आणि घरच्यांवर हात उगारला जातो.

म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि यादवी पेटली. बंदुका विकत घ्यायला पैसा लागतो. कर्ज न काढता तो देणारा हा तिथला एक मोठा धंदा आहे. अफगाणिस्तानात तालिबानने २०२२ मध्ये अफूवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक ठरला. संयुक्त राष्ट्रांचा त्या वर्षीचा अंदाज १,०८० टनांचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाने अंदमानच्या समुद्रात म्यानमारची एक मासेमारी बोट पकडली. तिच्यावर सुमारे साडेपाच टन मेथॅम्फेटामाइन होते. म्हणजे प्रश्न डोंगराळ सीमेपुरता राहिलेला नाही.

या मालाबरोबर रोगही सीमा ओलांडतात. मणिपुरात १९८९ पर्यंत सुईने हेरॉइन घेणाऱ्यांच्या रक्तात एचआयव्ही सापडत नव्हता. तो आढळल्यावर काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक बाधित निघाले. सिरिंज विकत घ्यायची चोरी, जवळ बाळगायची भीती, म्हणून एकच सुई चार-पाच जणांत फिरायची. त्या सुईतून हिपॅटायटिस सीसुद्धा पसरला. नवऱ्याकडून बायकोला आणि तिच्याकडून बाळाला अशी लागण घरांत शिरली. २०२१ च्या अंदाजानुसार देशात प्रौढांमधले एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के, तर मिझोराममध्ये २.७ टक्के आहे.

अफूच्या शेतीचे आरोप-प्रत्यारोप मणिपूरच्या वांशिक संघर्षातही ओढले गेले. डोंगरातल्या एका समाजावर सरसकट शिक्का मारणे सोपे असते. पण खसखशीच्या बोंडाला चिरा देणारा मजूर आणि त्यावर कोट्यवधी कमावणारा व्यापारी हे एक नव्हेत, आणि पकडला जातो तो बहुधा पहिला.

हेरॉइनच्या व्यसनावर उपचार आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रावर, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळवायची. तलफ आटोक्यात राहते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ लागतो. काहींना ती वर्षानुवर्षे लागते. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन देताना असे कोणी म्हणत नाही. याबाचे मात्र तसे नाही. त्याच्यासाठी अशी बदली गोळी अजून नाही. समुपदेशन, झोप, आहार आणि घरच्यांचा धीर यांवरच भिस्त.

मे २०२३ मध्ये मणिपुरात हिंसाचार भडकला आणि खोऱ्यातले इंफाळ व डोंगरातले चुराचांदपूर यांच्यातली ये-जा तुटली. रोजच्या गोळीवर असलेल्या माणसाला गोळी चुकल्यावर एक-दोन दिवसांत अंगदुखी, जुलाब, नाका-डोळ्यांतून पाणी आणि जीव नकोसा करणारी तगमग सुरू होते. तेवढ्यात केंद्राचे दार उघडले नाही, तर तो पुन्हा सुई शोधतो, आणि ती बहुधा दुसऱ्या कोणाची तरी वापरलेली असते.