अपंग कासवाला घर देण्यापूर्वी

प्रतिनिधी, बुटीबोरी

पावसाळा सुरू झाला, की नाल्या-तळ्यांतील कासवे नव्या पाण्याच्या शोधात बाहेर पडतात. बुटीबोरीसारख्या ठिकाणी त्यांच्या वाटेत वर्धा मार्ग आणि औद्योगिक वसाहतीकडे जाणारे वर्दळीचे रस्ते येतात. चाकाखाली पाठ फुटलेले किंवा पाय गमावलेले कासव दिसले, की कोणी कनवाळू माणूस ते उचलून घरी नेतो. हेतू चांगला असला, तरी कायद्याची आणि कासवाच्या शरीराची माहिती नसेल, तर त्यातून प्राण्याचे नुकसानच होते. अपंग कासव घरी पाळता येते काय, याचे उत्तर ते कासव कोणते आहे यावर अवलंबून असते.

देशी कासव पाळता येत नाही

विदर्भातील तळ्यांत आढळणारे मऊ पाठीचे पाणकासव आणि बाजारात चोरून विकले जाणारे स्टार कासव या दोन्ही प्रजातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजातींबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. कासव जखमी होते, म्हणून ठेवून घेतले, ही सबब पुरेशी ठरत नाही. कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता असून, तो हाती आल्यास ४८ तासांच्या आत पोलिस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. घरात कासव असल्यास भरभराट होते हा समज आणि 'वीस नखी' कासवाभोवतीची अंधश्रद्धा यांमुळे या प्राण्याची तस्करी होते, म्हणूनही कायदा कठोर आहे.

जखमी कासव आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर असून तेथे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. मदत येईपर्यंत कासव हवा जाणाऱ्या कोरड्या खोक्यात, सावलीत ठेवावे. पाण्याच्या बादलीत सोडू नये. अशक्त कासव बुडू शकते. जखमेवर हळद, चुना किंवा घरगुती गोंद लावू नये. सापडलेले ठिकाण मात्र नोंदवून ठेवावे, म्हणजे बरे झाल्यावर त्याला त्याच परिसरात सोडता येते.

पाठ म्हणजे जिवंत हाड

कासवाची पाठ हे अंगावर चढवलेले कवच नव्हे. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्या पाठीलाच जोडलेले असतात. म्हणून पाठ दबली, की कण्याला इजा होऊन मागचे पाय लुळे पडू शकतात. पालीची शेपटी पुन्हा उगवते, तसा कासवाचा पाय पुन्हा येत नाही. फुटलेली पाठ भरून यायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. तरीही तीन पायांचे कासव योग्य निगा राखल्यास दीर्घकाळ जगते. २०१४ मध्ये ब्रिटनमधील वेल्समध्ये उंदराने पुढचे पाय कुरतडलेल्या एका वृद्ध कासवाला खेळण्यातील विमानाची चाके बसवण्यात आली आणि ते पुन्हा फिरू लागले.

टबात घडलेले अपंगत्व

मत्स्यालयांच्या दुकानांत नाण्याएवढे असताना विकले जाणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले 'रेड इअर्ड स्लायडर' कासव अमेरिकेतील आहे. त्याचे अपंगत्व बहुधा घरातच घडते. अपुरे कॅल्शियम आणि अतिनील किरणांचा अभाव यांमुळे पाठ मऊ व वाकडी होते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले, की डोळे सुजतात. पुढे अनेक जण कंटाळून ते तलावात सोडतात. हे कासव जगातील सर्वाधिक उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आहे आणि देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. म्हणून ते धडधाकट असो वा अपंग, पाण्यात सोडणे हा मार्ग नाही. नवे पिल्लू विकत घेण्याऐवजी कोणी नको म्हटलेले अपंग कासव स्वीकारणे अधिक शहाणपणाचे. मात्र आधी वनविभागाकडे चौकशी करावी. इग्वानासारख्या, साइट्स कराराच्या परिशिष्टांत असलेल्या परदेशी प्राण्यांची 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

निगा कशी राखावी

पाय नसलेल्या कासवासाठी पाणी फार खोल नसावे, पण उलटे पडल्यास सरळ होता येईल इतके असावे. पाण्याबाहेर येण्यासाठी खडबडीत, हलक्या चढाची फळी ठेवावी. अंध कासवाला रोज एकाच जागी, चिमट्याने खाऊ द्यावा आणि टाकीतील मांडणी बदलू नये. खिडकीच्या काचेतून अतिनील किरण पुरेसे येत नाहीत. कोवळे ऊन किंवा त्यासाठीचा खास दिवा हवा. नागपूरच्या उन्हाळ्यात सावलीविना उन्हात ठेवलेला टब जीवघेणा ठरतो, तर थंडीत गारठलेल्या कासवाला अन्न पचत नाही. तेव्हा पाणी कोमट राखणारा हीटर लागतो. पोळी-भात टाळून तयार गोळ्या, पालेभाज्या आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात तो समुद्रफेस द्यावा. वाकडी झालेली पाठ पूर्ववत होत नाही, पण हाड पुन्हा कठीण होऊ शकते. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवावे.

हे कासव वीस-तीस वर्षे जगू शकते. आज शाळेत जाणारे मूल कमावते झाले, तरी टाकी रोज कोणाला तरी स्वच्छ करावी लागेल. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या आवाक्यात आहे काय आणि परगावी गेल्यास ही जबाबदारी कोण घेईल, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्याला घरी आणावे.