मेहंदीपूरची ‘पेशी’ आणि अबोध मन

जयपूरहून आग्र्याकडे जाताना सुमारे १०० किलोमीटरवर मेहंदीपूरचे बालाजी मंदिर लागते; तेथे बाधा झालेल्या माणसाची ‘पेशी’ होते, म्हणजे देवाच्या दरबारात भूत हजर होऊन त्याच माणसाच्या तोंडून बोलू लागते. अहमदाबादेत अभियांत्रिकी शिकलेले, मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्या सहवासात मनाच्या अभ्यासाकडे वळलेले आणि पुढे फ्रँकफर्टमध्ये मनोविश्लेषण आत्मसात केलेले सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांनी या रुग्णांचा जवळून अभ्यास केला आणि १९८२च्या ‘शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स’ या ग्रंथात तो मांडला.

मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या मते, जे राग आणि ज्या इच्छा माणसाला स्वतःपाशीही कबूल करवत नाहीत, त्या नकळत आत लोटल्या जातात; या लोटण्याला दमन आणि त्या ठिकाणाला अबोध मन म्हणतात. घरात तोंड उघडण्याची सोय नसलेल्या सुनेचा कोंडलेला संताप भुताच्या नावाने बोलू शकतो, हे ‘अंगात येणे’ पाहिलेल्या मराठी वाचकाला सहज उमगेल. कक्करांचे मोठेपण असे, की त्यांनी या उपचाराला अडाणीपणा म्हणून झिडकारले नाही. दोष भुतावर गेल्याने रुग्ण अपराधीपणातून सुटतो आणि सोबत आलेले कुटुंबही उपचारात सामील होते, हे त्यांनी आदराने नोंदवले. मनोविश्लेषक मात्र तोच संताप रुग्णाला स्वतःचा म्हणून ओळखायला लावतो.