घरातला रोजमेळ

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाला रोजमेळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दिवसभराची आवक-जावक संध्याकाळी मांडायची, गल्ल्यातील शिल्लक वहीशी ताडून पाहायची आणि फरक निघाला तर तो सापडेपर्यंत जागचे उठायचे नाही, ही शिस्त आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या पाळली. बँकेतील माझ्या नोकरीतही हाच नियम होता. रोख एका रुपयाने कमी भरो वा जास्त, हिशेब जुळेपर्यंत सुटका नसे. जास्तीचा रुपयाही चूकच मानला जाई, हे विशेष.

आपल्या परंपरेने जीवनासाठीही असाच रोजमेळ सांगितला आहे. राई आणि देवसी ही रोजची प्रतिक्रमणे. त्यानंतर पाक्षिक, चातुर्मासिक आणि सर्वांत शेवटी सांवत्सरिक. हिशेब ठेवणाऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. रोजच्या नोंदी कच्च्या राहिल्या, तर वर्षअखेरच्या ताळेबंदाला अर्थ उरत नाही. तरीही आत्मोन्नतीचा विषय निघाला की आपले लक्ष शिबिरे, तीर्थयात्रा आणि अठ्ठाईकडे जाते. त्यांचे मोल मोठेच आहे. पण माणूस ज्या नोंदींतून घडतो, त्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या ताटापाशी आणि दुकानाच्या गादीवर रोज होत असतात.

गल्ल्यापाशी बसलेला नातू

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका सोडून जव्हारच्या दिशेने वळले की कासा लागते. आसपासच्या वारली पाड्यांची ही बाजारपेठ. अशा गावांत व्यापाऱ्याचे दुकान पुढे आणि घर मागे किंवा माडीवर, अशी मांडणी पुष्कळदा दिसते. त्यामुळे घरचे संस्कार आणि दुकानातले वर्तन वेगवेगळे ठेवता येत नाही.

सुट्टीच्या दिवशी नातू आजोबांच्या शेजारी बसतो. पाड्यावरून आलेली म्हातारी पदराची गाठ सोडून एकेक नाणे मोजू लागते. मागे चार गिऱ्हाइके खोळंबलेली असतात. आजोबा तिला घाई करतात की थांबतात? ‘ए’ म्हणून हाक मारतात की ‘आजी’ म्हणतात? उन्हातून आलेल्या त्या बाईला पाणी विचारतात का, आणि ते कोणत्या पेल्यातून देतात? नातू काहीच विचारत नाही. तो सारे टिपून ठेवतो. पाठशाळेत त्याने अहिंसेची व्याख्या पाठ केलेली असते. तिचे उदाहरण त्याला येथे मिळते, बरे किंवा वाईट.

या भागात या प्रश्नाला इतिहासाचीही एक बाजू आहे. 1945 साली डहाणू-तलासरी परिसरातील वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसाला वर्षानुवर्षे राबवून घेणारी ‘लग्नगडी’ पद्धत त्या उठावाने मोडून काढली. काळ बदलला आहे. तरीही गल्ल्यामागून येणारा आवाज ऐकताना समोरच्या माणसाच्या मनात घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी जाग्या होत असतील, याचे भान आपण ठेवावे.

आपल्या तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजन आणि खोटे माप यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वजनाचे काम आता इलेक्ट्रॉनिक काटा अचूक करतो. शब्दांचे माप मात्र ज्याचे त्यालाच तपासावे लागते. साधू-साध्वींसाठी सांगितलेली भाषासमिती गृहस्थाला गल्ल्यापाशी जितकी उपयोगी पडते, तितकी क्वचितच अन्यत्र पडत असेल.

चौविहार कोणाचा?

आता घरात येऊ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दुकानात गर्दीचीही वेळ तीच. सासरे, दीर, पती एकेक करून जेवायला येतात, गरम फुलके वाढून घेतात आणि परत जातात. सर्वांना वाढून झाल्यावर सूनबाई ताट घेते, तोवर अंधार पडलेला असतो. सगळ्या घराचा चौविहार सांभाळणाऱ्या सुनेचाच चौविहार चुकतो किंवा ती उपाशी राहते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

येथे उपदेशाची गरज नाही. पहिल्यांदा जेवून उठणाऱ्याने पाच मिनिटे थांबून इतरांना वाढावे. सासऱ्यांनी एकदा म्हणावे, “सूनबाई, आज तू आधी बस, दुकान दहा मिनिटे थांबेल.” अतिथिसंविभाग व्रतात आपल्या अन्नातला वाटा साधूंसाठी काढून ठेवण्याची शिकवण आहे. वाटून खाण्याची ही सवय घरातल्या घरात लागली नसेल, तर दाराशी आलेल्यासाठी ती एकाएकी कोठून येणार?

अनेकांताचेही तसेच आहे. मुलगा म्हणतो, उधारी बंद करून मोबाइलवर रोखीचाच व्यवहार ठेवावा. त्याने बुडीत रकमा पाहिलेल्या असतात. वडील म्हणतात, पेरणीच्या दिवसांत गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी तीच माणसे पीक आल्यावर पैसे घेऊन आलेली पाहिलेली असतात. आपापल्या नयाने दोघेही खरे बोलतात. “तुझ्या जागी मी असतो तर मलाही असेच वाटले असते,” एवढे वाक्य एकाने उच्चारले, तरी अनेकांत ग्रंथातून घरात येतो.

दोन साक्षी

यासंदर्भात दोन जीवने आठवतात. श्रीमद् राजचंद्र मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करीत. 1891 साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली. त्यांच्या गादीवर धर्मग्रंथ आणि रोजनिशी नेहमी असे. मोठा सौदा आटोपला की लगेच ते त्यांतले एखादे उघडीत, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. दोन कामांमधली फावली मिनिटे त्यांनी साधनेला दिली. ती मिनिटे आपल्याही दुकानात असतात. आपण ती मोबाइलला देतो.

दुसरी साक्ष लक्ष्मीबाई पाटील यांची. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या त्या पत्नी. भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना पोटच्या लेकरांसारखे जेवू घातले आणि धान्याची चणचण पडली तेव्हा अंगावरचे दागिने विकले. दागिने देणे हा मोठा त्याग खराच. पण त्याआधी कितीतरी दिवस, एकेका मुलाचे ताट वाढताना त्यांनी मनातली एकेक भिंत उतरवली असेल.

क्षमापना शेजारच्या खोलीत

सांवत्सरिक प्रतिक्रमणानंतर आपण मोबाइलवरून शेकडो लोकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवतो. त्यांतील बहुतेकांचे आपण वर्षभरात काही बिघडवलेले नसते. ज्यांना वर्षभर टोचून बोललो, ती पत्नी, भाऊ, सून, दुकानातला गडी ही माणसे हाकेच्या अंतरावर असतात. त्यांच्यासमोर मात्र शब्द घशात अडकतो. तो तेथे उच्चारता येणे, हीच प्रगतीची खरी कसोटी.

येत्या चातुर्मासात एक लहानसा नियम करून पाहावा. सामायिकाची 48 मिनिटे पूर्ण झाल्यावर कटासण उचलण्यापूर्वी मनाशी तीन प्रश्न विचारावेत. आज घरात माझ्यामुळे कोणाचा चेहरा उतरला? आज दुकानात मी कोणाला त्याच्या खिशावरून जोखले? आज कोणी माझ्यासाठी आपले जेवण, झोप किंवा वेळ मागे ठेवला? उत्तरे मिळाली की त्याच रात्री, त्या माणसापाशी जाऊन, नोंद दुरुस्त करावी. गल्ल्यातला फरक आपण दुसऱ्या दिवसावर टाकत नाही, मग माणसाच्या मनातला का टाकावा?