दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेल्या गॅसचं पुढे काय होतं?

पित्ताशयातले खडे असोत की अपेंडिक्स, हल्ली डॉक्टर बहुधा दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवतात. त्यासाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे पोट फुगतं आणि आतलं नीट दिसतं. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतकाच ठेवतात. हाच गॅस का? तो पेट घेत नाही, रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो.

ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा? घाबरू नका. गॅसमुळे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला त्रास होतो, त्याची कळ खांद्यात जाणवते. २-३ दिवसांत ती बहुधा थांबते.

क्वचित गॅस त्वचेखाली शिरतो. मान, छाती सुजते, दाबल्यावर कुरकुर जाणवते. हेही बहुतेक वेळा आपोआप ओसरतं, पण डॉक्टरांना दाखवाच.

अगदी क्वचित गॅस थेट रक्तवाहिनीत जाऊन हृदयापर्यंत पोहोचतो. रक्तदाब एकदम घसरतो, जिवावर बेतू शकतं. म्हणूनच भूलतज्ज्ञ तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर सतत नजर ठेवतात. तो आकडा अचानक पडला आणि ही शंका आली, की गॅस बंद करून शुद्ध ऑक्सिजन देतात.

तुम्ही काय कराल? हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, पोटाची जुनी ऑपरेशनं डॉक्टरांना आधीच सांगा. आणि घरी आल्यावर धाप लागली, छातीत दुखलं, तर ‘गॅसच असेल’ म्हणून ओवा खात बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.